काच निवेपर्यंत

कोण्या एके काळी एका ओट्यावर इंडक्शनची शेगडी राहत होती. तिला जाळ नव्हता. लोखंडी तळाचं भांडं ठेवलं की भांडंच तापायचं, त्यामुळे तिच्याजवळ शेकायला कुणी बसत नसे.

एका गारठ्याच्या सकाळी घरच्या बाईंनी उकळलेल्या दुधाचं पातेलं उचललं, आणि चिंगी मांजर ओट्यावर चढली.

"शेगडीबाई, तुझ्यात आग नाही ना? मग बसते तुझ्यावर."

बस, असं शेगडीच्या अगदी ओठांवर आलं. आपणहून जवळ येणारी ही पहिलीच. पण पातेल्याची धग तिच्या वरच्या काचेत उतरली होती.

"आत्ता नको, पाय पोळतील. काच निवली की ये."

"आग नाही, आणि मिजास केवढी," म्हणत चिंगी निघून गेली.

काच निवली. चिंगी आली नाही. समोरच्या कठड्यावर ती उन्हात पंजे चाटत बसली होती. शेगडी तिचे पंजे बघत राहिली. चारही धड होते.