मिठाचा दगड आणि काळी घोंगडी

एका रानाच्या कडेला एक वाटाड्या राहत होता. हरणं केव्हा कुठल्या अंगाला जातील, हे त्याला बरोबर ठाऊक असे. हरभरा भरला की ती डोंगरावरून खाली उतरत. थंडी वाढली की उन्हाच्या उतारावर रेंगाळत. शिकारीचे दिवस आले, की मात्र चारा-पाणी विसरून फक्त वारा बघत. माणसाचा वास आला, की ते रानच सोडून जात.

एका माणसाचा वास तेवढा त्यांना चाले. वाटाड्याची बायको दर हिवाळ्यात विहिरीजवळच्या सपाट दगडावर त्यांच्यासाठी मीठ ठेवी. तिच्या खांद्यावर काळी घोंगडी असे. हाकाऱ्यांची आरडाओरड सुरू झाली, की हरणं त्या घोंगडीच्या वासानं तिच्या शेतात येऊन उभी राहत. "माहेरपणाला आल्यात बायका," ती म्हणे. त्या शेतात कुणी बाण सोडायचा नाही, असा गावाचा रिवाजच पडून गेला होता.

मग एका वर्षी ती गेली. त्या हिवाळ्यात वाटाड्यानं तीच घोंगडी पांघरून दगडावर मीठ ठेवलं. हरणं आली. मीठ संपलं, हरणं गेली, तरी तो तिथंच बसून राहिला.

त्याच हिवाळ्यात एक सरदार शिकारीला आला. वाटाड्याला सोबत घेऊन त्यानं हाक्यावर हाके केले. पण हरणाचं शेपूटही दिसेना.

"तू रानातला की बाजारातला?" सरदारानं विचारलं.

"वारा फिरतोय, सरकार. त्यांना आपला वास लागतो."

"मग उद्या अत्तर लावून येऊ," एक स्वार म्हणाला. "ह्याला हरणांची राहू दे, घरची वाट तरी सापडते का, विचारा."

सगळे हसले. वाटाड्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या. आजवर त्याच्या शब्दावर माणसं डोळे मिटून चालत आली होती. तो बोलून गेला, "सकाळी माझ्या शेतात या, सरकार. शेजारच्या ओढ्यात दबा धरून बसा. ओढा खोल आहे, तिथून आपला वास रानापर्यंत जात नाही. हरणं आपल्या पायांनी येतील."

सकाळी त्यानं घोंगडी खांद्यावर घेतली आणि मिठाचं मडकं उचललं, तेव्हा त्याची मुलगी म्हणाली, "बाबा, मीठ तर कालच ठेवलंत ना?"

"असू दे," तो म्हणाला. तिच्याकडे त्यानं पाहिलं नाही.

वारा शेतावरून रानाकडे वाहत होता. थोड्याच वेळात झाडीतून एक म्हातारी हरणी बाहेर आली. तिनं नाक वर केलं, वास घेतला आणि निवांत चालू लागली. मागून सगळा कळप.

पहिला बाण तिलाच लागला.

आता ही रानाकडे उधळतील, असं वाटाड्याला वाटलं. ती उधळली, पण त्याच्याकडे. जिथं नेहमी भीती संपायची, तिथंच ती धावत आली. एक पाडस त्याच्या मागं येऊन घोंगडीत तोंड खुपसून उभं राहिलं. त्याचं थरथरणं वाटाड्याच्या पाठीला कळत होतं.

"वाटाड्या, सरक बाजूला," ओढ्यातून सरदार म्हणाला.

नाही म्हणायला एक शब्द पुरला असता. वाटाड्या बाजूला सरकला.

"वाटाड्या असावा तर असा," सरदार म्हणाला. कालचा तो स्वारही मान डोलावत होता. वाटाड्याला हवं होतं ते सगळं मिळालं. तो मान खाली घालून विहिरीवर गेला आणि बराच वेळ हात धूत राहिला.

पुढल्या हिवाळ्यात त्यानं पुन्हा मीठ ठेवलं. शिकारीचे दिवस होते. झाडीच्या कडेला हरणं आली, नाकं वर झाली. घोंगडीचा वास पोचला आणि सगळा कळप माघारी फिरला. ज्या डोंगरावर हाकारे ओरडत होते, त्याच डोंगराकडे तो पळाला.

मीठ दवानं विरघळून दगडावरून ओघळलं.

"बाबा, आईची घोंगडी धुऊन देऊ का?" मुलीनं विचारलं.

"आता धुऊन काय जाणार, पोरी?"

त्यानं घोंगडीची घडी घातली आणि पुन्हा कधी ती अंगावर घेतली नाही.

तात्पर्य: जो आपल्या भरवशावर चालत येतो, त्याची वाट चार लोकांच्या शाबासकीसाठी दाखवू नये. ती शाबासकी दिवसभर टिकत नाही आणि तो भरवसा पुन्हा येत नाही.