कोतवालाची नजर

एका पानगळीच्या जंगलात, ओढ्याकाठच्या करवंदीच्या जाळीत, सातभाईंचा एक थवा राहत असे. मुलांनो, सातभाई म्हणजे मातकट रंगाचे, पिवळट डोळ्यांचे आणि दिवसभर एकमेकांवर कुरकुरणारे पक्षी. नाव सातभाई असले तरी थव्यात बहिणीही असतात, आणि या थव्याचा कारभार तर एका बहिणीच्याच हाती होता. तिला सगळे थोरली म्हणत.

सातभाईंचे पोट जमिनीवर चालते. उड्या मारत पुढे जायचे, वाळकी पाने चोचीने उलटायची आणि खाली दडलेले किडे, वाळवी, अळ्या वेचायच्या. हे काम मान खाली घालूनच करावे लागते, आणि मान खाली घातलेल्याला आकाश दिसत नाही. आकाशात तर पाखरांवर झडप घालणारा शिक्रा असतो. म्हणून त्या जंगलात एक जुनी रीत होती. घाबरून कोणीही ओरडले, की सगळ्यांनी लपायचे. खार ओरडली तरी लपायचे, बुलबुल ओरडला तरी लपायचे, वानर खेकसले तरी लपायचे. ज्याची त्याची बोली वेगळी, पण भीती सगळ्यांना कळत असे. ओरडणाऱ्याचे कूळ विचारत बसायला कोणालाच सवड नव्हती.

या कामात सगळ्यांत तरबेज होता कोतवाल. हा काळाभोर, दुभंगलेल्या लांब शेपटीचा पक्षी सातभाईंच्या डोक्यावरच्या एखाद्या वाळक्या फांदीवर येऊन बसे. सातभाईंनी पाने उलटली की खालून बारीक किडे उडत, ते तो हवेतल्या हवेत टिपी. मधल्या वेळात तो वर लक्ष ठेवी. शिक्रा दिसला की त्याची तीक्ष्ण हाक येई आणि सातभाई जाळीत गडप होत. सगळे त्याला आदराने ‘साहेब’ म्हणत.

थंडी पडली तसे उडणारे किडे कमी झाले. नेमकी त्याच सुमारास सातभाईंच्या घरट्यात पिले निघाली. सातभाईंमध्ये पिले एकट्या आईची नसतात. मामा, मावश्या, आत्या, सगळ्यांनी मिळून त्यांना भरवायचे असते. पिलांच्या चोची सकाळी उघडत त्या संध्याकाळीच मिटत. त्यामुळे पानांखालची प्रत्येक अळी मोलाची होती.

एका सकाळी थव्यातल्या लठ्ठ भावाला एक पांढरी, गुबगुबीत अळी सापडली. तो ती ओढून काढतो आहे, तोच वरून कोतवालाची हाक आली. सगळे भर्रकन जाळीत शिरले. थोड्या वेळाने बाहेर येऊन पाहतात तो शिक्रा नाही आणि अळीही नाही.

"शिक्रा आला होता. वळून गेला," कोतवाल चोच फांदीला पुसत म्हणाला.

"मग माझी अळी?" लठ्ठाने विचारले.

"घाबरून मातीत शिरली असेल."

लठ्ठाला हे पटले. शिक्र्याला आपण घाबरतो, तर अळी का घाबरणार नाही?

दुपारी खारीचा चिक्‌चिक् आवाज आला. सगळे पळाले, आणि आणखी एक अळी नाहीशी झाली. संध्याकाळी तर साक्षात शिक्र्याचीच किंकाळी ऐकू आली. सगळे पळाले, एक नाकतोडा नाहीसा झाला. खार त्या दिवशी ओढ्याच्या पलीकडे होती आणि शिक्रा कोणी पाहिलाच नव्हता. हे सगळे आवाज एकाच काळ्या चोचीतून निघत होते.

तुम्ही म्हणाल, सातभाई घास चोचीत धरूनच का पळत नव्हते? त्यांनी तसे करून पाहिले. पण अडचण अशी, की घाबरलेला सातभाई ओरडल्याशिवाय पळू शकत नाही, आणि ओरडायचे तर चोच उघडावी लागते. थोरलीने सगळ्यांना बजावले, "चोच मिटून पळायचं." पुढची हाक येताच ती स्वतःच "चोच मिटा रे, चोच मिटा" असे ओरडत पळाली आणि तिचा किडा वाटेत पडला.

घरट्यात पिले वाट पाहत होती. आई रिकाम्या चोचीने परतली.

"काय आणलंस?" अंगाखाली पिले घेऊन बसलेल्या मावशीने विचारले.

"बातमी आणली. शिक्रा आला होता म्हणे."

"ती काय भरवू त्यांना?"

दोनतीन दिवस असेच गेले. पिलांचे आवाज बारीक होत चालले. सगळ्यांत धाकटे पिलू तर चोच उघडायचाही कंटाळा करू लागले. तेव्हा थोरलीने थव्याची बैठक बोलावली.

"साहेब आपल्याला फसवताहेत," ती म्हणाली. "खार ओढ्यापलीकडे असते, तरी तिचा आवाज यांच्या फांदीवरून येतो, आणि दर वेळी घास तेवढा जातो." ती पुढे म्हणाली, "आणि ती खार आणि तो बुलबुल खरं ओरडतात की साहेब त्यांच्या आवाजात ओरडतात, हेही आपल्याला कळत नाही. तेव्हा आजपासून परक्यांची हाक परक्यांना. आपण फक्त सातभाईचं ऐकायचं. पहारा आपला आपण ठेवू."

"पहाऱ्यावर कोण बसणार?" कोणीतरी विचारले.

सगळ्यांनी लठ्ठाकडे पाहिले.

"मीच का?"

"तू बसलास तर खाली खाणारा एक कमी होईल," थोरली म्हणाली.

लठ्ठ पहाऱ्यावर बसला, तोही कोतवालाच्या शेजारच्या फांदीवर. पण उपाशी पहारेकऱ्याचे लक्ष आकाशाकडे राहीना. "अगं, तुझ्या डाव्या पायाशी वाळवी आहे," असे तो एकीला सांगे. "अरे, ते पान उलट. ते नव्हे, त्याच्या पलीकडचं," असे दुसऱ्याला सांगे. खालचे सगळे आपापसांत भांडत असत, त्यामुळे त्याचे निम्मे कोणाला ऐकू जात नसे. "काय म्हणतोय तो?" "तुला म्हणतोय." "मला नाही, तुलाच म्हणतोय." एवढ्या चौकशीत पहारेकऱ्याने खरोखर सावध केले असते, तर शिक्र्याचे जेवण आटोपून तो पाणी प्यायला गेला असता.

आणि तसा प्रसंग आलाच. शिक्र्याऐवजी रानमांजर आले, एवढाच फरक. गवतातून दबत दबत ते पुढे सरकत होते. कोतवाल त्या वेळी फांदीवर नव्हता. खारीने ते पाहिले आणि शेपटी फुलवून ती ओरडू लागली. बुलबुलाने ओरडून घसा कोरडा केला.

"खार ओरडतेय," आई पाने उलटता उलटता म्हणाली.

"तिचं तिला ओरडू दे," थोरली म्हणाली. "आपल्याला काय त्याचं?"

रानमांजराने झेप घेतली. आई उडाली म्हणून वाचली, पण तिच्या शेपटीची दोन पिसे मांजराच्या पंजात राहिली. मांजर गेल्यावर खार झाडावरून खाली वाकून म्हणाली, "बायांनो, मी कोणासाठी ओरडत होते? माझ्या पोरांना मी झाडावर नेलं होतं. मला काय हौस होती?"

थोरली थव्याला घेऊन जाळीत परतली. आता करायचे काय? सगळ्यांचे ऐकावे तर पिले उपाशी मरणार, आणि कोणाचेच ऐकू नये तर पिलांना भरवणारेच उरणार नाहीत. त्या संध्याकाळी थव्यात कोणी कोणाशी भांडले नाही. यावरूनच त्यांची काळजी किती मोठी होती ते समजून घ्या.

तेव्हा लठ्ठ खाकरला. "एक सांगू का? तो खोटं ओरडतो तेव्हा खाली बघतो."

"कोण?"

"साहेब. खोटं ओरडायचं असेल तेव्हा त्याचे डोळे खाली असतात, ज्याच्या चोचीत अळी आहे त्याच्यावर. आवाज मग कोणाचाही काढो. खरं ओरडतो तेव्हा वर बघतो. काल घार गेली ना, तेव्हा त्याची मान आभाळाकडे होती. खाली एवढी मोठी अळी होती, पण त्याला दिसलीसुद्धा नाही."

"हे तुला कसं कळलं?" थोरलीने संशयाने विचारले.

"माझी अळी खाल्लीय त्याने. मी त्याच्यावरून डोळा हलवलेलाच नाही."

"म्हणजे पहाऱ्यावर बसून तू आकाशाकडे बघत नव्हतास."

"नव्हतो," लठ्ठ म्हणाला. "भूक लागली होती."

पहारेकऱ्याला रागवावे की शाबासकी द्यावी, हे थोरलीला ठरवता येईना, म्हणून तिने दोन्ही गोष्टी टाळल्या. "उद्यापासून खार, बुलबुल, कोणीही ओरडलं तरी आधी वर साहेबांकडे एक नजर टाकायची," ती म्हणाली. "नजर आपल्या घासावर असेल तर चरत राहा. नजर वर किंवा गवतात, दुसरीकडे कुठेही असेल तर पळा. साहेब फांदीवर नसतील, तर मात्र काही न बघता पळा."

दुसऱ्या दिवशी आईला एक लांबलचक अळी सापडली. वरून तीक्ष्ण हाक आली. साऱ्या थव्याने माना तिरक्या करून एकदम वर पाहिले. कोतवाल अळीकडे पाहत होता. सगळ्यांनी माना पुन्हा खाली घातल्या.

कोतवालाने खारीचा आवाज काढला. कोणी हलले नाही. त्याने शिक्र्याची किंकाळी फोडली, ती इतकी हुबेहूब की पलीकडच्या झाडावरचा बुलबुल खरोखर पळाला. सातभाई चरतच राहिले.

"साहेब, घसा बसेल," लठ्ठ म्हणाला.

कोतवालाला राग आला. "मी तुमच्यासाठी ओरडतो, आणि तुम्ही असे वागता? उद्या शिक्रा खरंच आला म्हणजे?"

"तेव्हा तुम्ही वर बघाल," थोरली म्हणाली.

आपले काय चुकते, हे कोतवालाला कळले नाही. आपली नजर कुठे आहे हे आपल्याला कुठे दिसते? तो रुसून दुसऱ्या फांदीवर जाऊन बसला, पण थवा सोडून गेला नाही. थंडीच्या दिवसांत दुसरीकडे तरी काय मिळणार होते?

पिलांचे पोट भरू लागले. त्यांचे आवाज मोठे झाले, अंगावर पिसे आली, आणि एका सकाळी ती घरट्यातून बाहेर पडली. मुलांनो, सातभाईचे पिलू घरट्यातून निघते तेव्हा त्याला उडता येते असे समजू नका. त्याला उड्या मारता येतात, पडता येते आणि खायला मागता येते. ती पिले जाळीपासून चांगली लांब, उघड्या जमिनीवर आली आणि प्रत्येकाच्या मागे चोची उघडून धावू लागली. धाकटे तर सगळ्यांच्या मागे, वाळक्या पानांत अडखळत होते.

आईला पानांखाली अळी सापडली. अळी कसली, त्या मोसमातली सगळ्यांत जाड अळी. तिने ती ओढून काढली आणि धाकट्याकडे वळली.

तेवढ्यात वरून हाक आली. कोतवालाचीच, नेहमीची.

"सुटलं बघ यांच्या तोंडाला पाणी," लठ्ठ मान वर न करता म्हणाला. इतकी जाड अळी पाहून साहेब गप्प बसणार नाहीत, हे सगळ्यांनीच गृहीत धरले होते. काहींनी तर वर पाहण्याचेही कष्ट घेतले नाहीत. थोरलीसुद्धा वाळवी वेचत राहिली.

आईने मात्र वर पाहिले. कोतवालाचे अंग फांदीला चिकटले होते. मान ताणलेली होती. त्याच्या खालीच आईच्या चोचीत जाड अळी लोंबत होती आणि तो आकाशाकडे पाहत होता.

आईने चोच उघडली. अळी पडली. आई अशी ओरडली, की सारा थवा एकदम उसळला. कोणी पिलांना चोचीने ढकलले, कोणी पंखाने रेटले, लठ्ठ तर धाकट्याला पोटाने लोटत लोटत जाळीत घेऊन गेला. त्यांच्या मागोमाग हवा चिरत शिक्रा आला. त्याचे पंजे करवंदीच्या काट्यांत घुसले आणि वाळक्या पानांची एक मूठ घेऊन बाहेर निघाले. तो पुन्हा वळणार, तोच कोतवाल वरून त्याच्या पाठीवर तुटून पडला. स्वतःपेक्षा मोठ्या शिक्र्याला चोची मारत, शिव्या देत त्याने ओढ्याच्या पार पलीकडे पिटाळले.

जाळीत आईने पिले एकेक करून पंखाखाली घेतली. सगळी होती. धाकट्याच्या डोक्यावर एक करवंदीचे पान अडकले होते आणि ते खायला मागत होते.

सातभाई हळूहळू बाहेर आले. कोतवाल परत येऊन उघड्या जमिनीवर उतरला होता. तिथे ती जाड अळी अजून पडलेली होती. त्याने इकडेतिकडे पाहिले, ती उचलली आणि फांदीवर जाऊन निवांत खाऊ लागला.

लठ्ठाने ओरडायला चोच उघडली.

"गप्प बस," आई म्हणाली आणि पुढचे पान उलटू लागली. "दुसरी शोध. पिलं आहेत भरवायला."

तात्पर्य : लबाडाची प्रत्येक हाक खोटी मानू नये आणि ओळखीच्याची प्रत्येक हाक खरी मानू नये, हाक मारणारा त्या वेळी कशाकडे पाहतो आहे, हे आधी आपल्या डोळ्यांनी पाहावे.