पोटरीला पाणी

"मग हुकूम कोण द्यायचा, आप्पा?"

भिलाआप्पांनी डोळे उघडले नाहीत. पाटाच्या काठावर बसून पाय पाण्यात सोडलेले, पोटरीपर्यंत. नदीला वळायला यांनीच शिकवलं, असं गावात सांगतात. मला पटतं. त्यांच्या समोरून जाताना ती अजून जपून चालते.

"कसला हुकूम?"

"पाच दारं, पाच पाटकरी. कुणी कधी उघडायचं, हे सांगणारा…"

"कुणी नव्हता."

सारंग बोरसे हसला. शहरातला इंजिनिअर. पाटकऱ्यांच्या जागी त्यानं दारादाराशी छोटे कॉम्प्युटर बसवले होते. एक पाणी मोजी, एक ओल पाही, एक दार उचली. पण प्रत्येक जण आधी क्लाऊडला विचारी. आज सकाळपासून रेंज नव्हती. पाट तुडुंब, पाचही दारं बंद, आणि टोकाच्या शेतात कांद्याची रोपं माना टाकत होती.

"तुझी यंत्रं काय करतायत?"

"विचारतायत."

"कुणाला?"

"वर."

"फार गुणी पोरं," आप्पा म्हणाले. "जा, टोकाचं दार हातानं उघडून ये. आधी टोक, मग वर वर… तशी रीत आहे. आणि येताना बूट काढून ये."

तो आला. आप्पांशेजारी, टोकाच्या अलीकडच्या चौथ्या दारापाशी बसला. पोटरीचं पाणी घोट्याशी उतरलं.

"आता?"

"आता झोप."

एक चतुर येऊन कॉम्प्युटरच्या डबीवर बसला. ऊन पेंगायला लागलं… सारंगला स्वप्न पडलं, की आपण पाट आहोत आणि आपल्यातून कुणीतरी हळूहळू गावाला चाललंय.

पोटरीला गार लागलं.

"आप्पा… पाणी चढलं."

"बरं."

"म्हणजे टोकाचं शेत भिजलं, पाणी मागं फुगलं. आता आपलं दार."

"कुणी सांगितलं तुला?"

सारंग आपल्या पायांकडे बघत राहिला. मग उठला आणि कुणालाही न विचारता दार उचललं.

संध्याकाळपर्यंत त्यानं पाचही दारांवरच्या यंत्रांना तेवढंच शिकवलं: आपल्या दारापुढचं पाणी बघ, उतरून पुन्हा चढलं की उघड. रेंज अजून आली नव्हती. दारं मात्र एकामागून एक उघडत वर गेली.

त्याचा चेहरा उतरला होता.

"आप्पा, मग क्लाऊडनं करायचं तरी काय?"

"तो कोण?"

"क्लाऊड… म्हणजे ढग."

आप्पांनी डोळे उघडून वर पाहिलं.

"बरसावं," ते म्हणाले. "आणि निघून जावं."