पलीकडच्या आळीतलं कोण राहिलं?

समोरच्या डोंगराला मधेच कुणी कुऱ्हाड मारल्यासारखी जी खाच दिसते, तिला आमच्याकडं सलोमीची खिंड म्हणतात. सरकारी नकाशात तिचं नाव निराळं आहे, पलीकडच्या ठाकरवाडीत आणखी निराळं. पण जांभळदऱ्याच्या ख्रिस्ती वस्तीत कुणालाही विचारा, तो हेच नाव सांगेल. सलोमी ही कुणी राणी नव्हती की संतीण नव्हती. सुईण होती. तिची हकिकत मी माझ्या आजोबांकडून ऐकली, त्यांनी त्यांच्या आईकडून. मधे कुठं कमीजास्त झालं असेल तर त्याचा दोष आमच्या घराण्याचा.

प्लेगची साथ सरून दहा-बारा वर्षं झाली असतील, तेव्हाची ही गोष्ट. आमची मंडळी तेव्हा चाळीस-पन्नास घरांची. ओढ्याच्या अलीकडं वरची आळी, पलीकडं खालची. चर्च एकच, हेच, दगडी भिंतींचं. त्या वेळी त्याला एकच दार होतं. आत शेणानं सारवलेली जमीन, वर जाजम, आणि सगळे मांडी घालून बसायचे. टाळ-मृदंगावर भजनं व्हायची. महिन्यातून एकदा तालुक्याहून फिरते पाळक घोड्यावर येत आणि प्रभुभोजन देत, म्हणजे येशूच्या आठवणीची भाकर मोडून वाटत.

मग एका वर्षी तालुक्याचा मिशनचा बंगला बंद झाला आणि तिथली बारा सागवानी बाकं आणि एक बाजाची पेटी बैलगाडीतून इथं आली. इथून सगळं सुरू झालं, असं सांगतात.

वरच्या आळीचे पुढारी याकोबराव शिरसाठ, शाळामास्तर. त्यांनी बाकं चर्चमध्ये मांडली आणि उभं राहून बोलले, "आपल्या बापजाद्यांना गावानं जमिनीवर बसवलं. चावडीवर खाली, पाटलाच्या ओट्याखाली, शाळेच्या उंबऱ्याबाहेर. निदान देवाच्या घरात तरी आपण वर बसू."

खालच्या आळीचे पौलसबुवा तेलोरे. कीर्तनकार माणूस, आवाज असा की ओढ्यापलीकडून ऐकू यावा. ते म्हणाले, "मास्तर, ज्यानं आपल्याला खाली बसवलं तोच वर बसत होता. तीच हौस आपण देवाच्या घरात आणायची? इथं सगळे एका पातळीवर होते. आता काहींचे पाय काहींच्या डोक्याशी येणार."

दोघांचंही म्हणणं खोटं नव्हतं. म्हणूनच ते मिटेना. खोट्या भांडणाला कधीतरी थकवा येतो. इथं दोन्हीकडं माणसं आपल्या अपमानाची आठवण काढून भांडत होती.

आधी बाकं डावीकडं आणि जाजम उजवीकडं झालं. मग पेटी सुरू झाली की उजवीकडचे गप्प, मृदंग सुरू झाला की डावीकडचे. मग उपासना दोन झाल्या, वरच्या आळीची सकाळी, खालच्या आळीची दुपारी. मग खालच्या आळीनं ओढ्याच्या बाजूची भिंत फोडून आपलं दुसरं दार काढलं, कारण त्यांना याकोबरावांच्या दारातून आत यायचं नव्हतं. भेटल्यावर एकमेकांना 'सलाम' म्हणणं बंद झालं. ठरलेली दोन लग्नं मोडली. याकोबरावांचे थोरले भाऊ वारले तेव्हा खालच्या आळीतलं एकही माणूस मातीला गेलं नाही. फिरते पाळक बिचारे एकाच दिवशी दोनदा भाकर मोडत आणि घोड्यावर बसून परत जात. त्यांनी समजावलं नाही असं नाही. पण ते महिन्यातून एक दिवस समजावत आणि उरलेले दिवस माणसं एकमेकांना पेटवत.

सलोमीबाई तेव्हा साठीच्या पुढं होती. विधवा, मूलबाळ नाही. तिची झोपडी ओढ्याच्या काठाशी, धड वरच्या आळीत नाही, धड खालच्या नाही. चाळिशीच्या आतली निम्मी वस्ती तिच्या हातांवर जन्मलेली. याकोबराव आणि पौलसबुवा दोघंही. ती सकाळी बाकावर जाऊन बसे आणि दुपारी जाजमावर. दोन्हीकडं लोक तिला विचारत, मावशी, तू नक्की कुणाची? एकदा ती भर उपासनेनंतर म्हणाली, "तुम्ही रडत जन्मलात तेव्हा बाकावर होतात का जाजमावर? मला तर काही आठवत नाही."

लोक हसले, पण ऐकलं कुणी नाही. उलट त्या साली दोन्हीकडच्या पंचांनी ठराव केला की, जो तिकडं प्रभुभोजन घेईल त्याला इकडं मिळणार नाही. हा ठराव म्हणजे एका सलोमीबाईसाठीच होता, कारण दोन्हीकडं जाणारं दुसरं कुणी उरलंच नव्हतं.

ती याकोबरावांकडं गेली, मग ओढा ओलांडून पौलसबुवांकडं. दोघांच्या अंगणात तिनं एकच बोलणं केलं. "मी दोन्हीकडं बसणार. पण भाकर आता कुणाचीच घेणार नाही. तुम्ही एका ताटातली खाल, त्या दिवशी मी खाईन."

आमच्या माणसाला प्रभुभोजन सोडणं म्हणजे काय, हे बाहेरच्याला सांगून कळायचं नाही. प्लेगात तिचा नवरा गेला त्या आठवड्यातही तिनं ते चुकवलं नव्हतं. आता ताट समोरून जाई आणि ती हात मांडीवर ठेवून बसे. असे चौदा महिने गेले, म्हणे. पहिल्या-दुसऱ्या महिन्याला लोकांना वाईट वाटलं. पुढं त्याचीही सवय झाली.

मग तो वैशाख आला. शनिवारी ठाकरवाडीहून निरोप आला, बाई अडली आहे. सलोमीबाई खिंडीतून पलीकडं गेली, बाळंतपण पार पाडलं आणि रविवारच्या उपासनेला पोचायचं म्हणून पहाटेच परत निघाली. खिंडीच्या उतारावर मुरूम घसरला आणि ती खाली गेली. खुब्याचं हाड मोडलं. पाय हलेना.

रविवारी सकाळी ती बाकावर नव्हती. वरच्या आळीला वाटलं, आज दुपारी जाजमावर बसणार असेल. दुपारी ती जाजमावर नव्हती. खालच्या आळीला वाटलं, सकाळी जाऊन आली असेल. काहींच्या मनात असंही आलं असणार की अखेर म्हातारीनं बाजू घेतली. सोमवारी झोपडीचं दार बंद दिसलं. ते तर नेहमीचंच, बाळंतपणाला गेली की ती दोन-दोन दिवस यायची नाही. कुणी कुणाला विचारलं नाही. विचारायला ओढा ओलांडावा लागला असता.

ती वैशाखाच्या उन्हात दोन दिवस, दोन रात्री तिथं पडून होती. काही म्हणतात, एका घारीनं पंख पसरून तिच्यावर सावली धरली. माझे आजोबा म्हणत, घार नव्हे, करवंदीची जाळी होती. सलोमीबाई सरपटत तिच्या बुडाशी गेली आणि पिकली करवंदं चोखून राहिली. तुम्हाला जे पटेल ते घ्या.

मंगळवारी सकाळी बिरू नावाच्या धनगराला ती सापडली. त्यानं तिला दूध पाजलं, घोंगडी पांघरली, पण एकट्याला त्या उतारावरून तिला उचलता येईना. तो धावत खाली आला. चर्चमध्ये शाळा चालू होती. पौलसबुवा आणि खालच्या आळीचे चार-सहा जण ओढ्याच्या बाजूच्या दारापाशी मृदंगाची वादी ताणत बसले होते. बिरू दोन्ही दारांच्या मधे अंगणात उभा राहिला आणि ओरडला, "तुमची म्हातारी खिंडीत पडलीया. परवापासनं."

दोन्हीकडून माणसं बाहेर आली. याकोबराव म्हणाले, "आम्हाला वाटलं, ती दुपारच्या उपासनेला असेल."

पौलसबुवा म्हणाले, "आम्हाला वाटलं, सकाळच्या."

बिरूला यातलं काही कळेना. त्यानं एकदा यांच्याकडं पाहिलं, एकदा त्यांच्याकडं. "म्हंजी तुम्ही माणसं मोजत न्हाई? माझी दोनशे मेंढरं हायेत. सांजच्याला मोजल्याबिगर मी वाडग्याला काटी लावत न्हाई. एक कमी भरलं तर घास उतरत न्हाई."

त्या माणसानं पवित्र शास्त्र कधी ऐकलेलं नव्हतं. हरवलेल्या मेंढराचा दाखला त्याला ठाऊक असायचं कारण नव्हतं. पण अंगणात उभ्या असलेल्या प्रत्येकाला तो पाठ होता. त्याच महिन्यात याकोबरावांनी त्यावर सकाळी बोध केला होता आणि पौलसबुवांनी दुपारी कीर्तन. असं सांगतात की, शाळा आणि मृदंग तसेच टाकून सगळे खिंडीकडं धावले.

बाजेवर घालून तिला खाली आणली. वाट अरुंद, दोन पुढं आणि दोन मागं एवढीच माणसं लागायची. पुढच्या दोन खांद्यांपैकी एक याकोबरावांचा होता आणि एक पौलसबुवांचा. ठरवून नव्हे, दोघंही पहिले पोचले होते म्हणून. ती त्यांना रागावली नाही. एवढंच विचारलं, "ठाकरवाडीची पोरगी बरी आहे का?" पौलसबुवा पुढं आयुष्यभर सांगत, ती रागावली असती तर बरं झालं असतं.

त्या रविवारी पाळक आले. सलोमीबाईनं निरोप धाडला, मला भाकर घ्यायची आहे. तिला चर्चपर्यंत हलवता येत नव्हतं, म्हणून तिच्या झोपडीपुढं मांडवासारखं कापड बांधलं. तिथं बाक नव्हतं, जाजम नव्हतं. दोन्ही आळ्या उभ्या राहिल्या, मधे हातभर जागा सोडून. ताट एकच होतं, पांढऱ्या फडक्यानं झाकलेलं.

पाळकांनी फडक्याला हात घातला तशी ती बाजेवरून म्हणाली, "थांबा साहेब. कोण राहिलं?"

वरच्या आळीतून कुणी म्हणालं, माझी सून माहेरी गेली आहे. खालच्या आळीतून कुणी म्हणालं, माझा बाप अंथरुणावर आहे.

"आपल्या घरचं सगळ्यांनाच ठाऊक असतं," ती म्हणाली. "पलीकडच्या आळीतलं कोण राहिलं, ते सांगा."

कुणालाच सांगता येईना. शंभर-सव्वाशे माणसं एकमेकांच्या तोंडाकडं बघत राहिली. दोन वर्षांत कोण आजारी पडलं, कोण जन्मलं, कोण कामासाठी मुंबईला गेलं, काही ठाऊक नव्हतं. सलोमीबाई म्हणाली, "मग जाऊन बघून या. मी चौदा महिने थांबले, आणखी घटकाभर थांबीन."

आणि माणसं निघाली. वरच्या आळीची ओढा ओलांडून खाली, खालच्या आळीची वर. याकोबराव पौलसबुवांच्या घरी गेले, तेव्हा तिथं बुवांची बायको खाटेवर होती. सहा महिने तिचं एक अंग लुळं पडलेलं. मास्तर रोज समोरच्या काठावरून शाळेत जात होते आणि त्यांना याची वार्ता नव्हती. पौलसबुवा ज्या घरी गेले ते याकोबरावांच्या वारलेल्या भावाचं होतं. त्यांची विधवा दारात आली. ज्या माणसानं तिच्या नवऱ्याच्या मातीला येणं टाळलं, तो समोर उभा. ती आत गेली आणि पाण्याचा तांब्या घेऊन आली. बुवांनी तो दोन्ही हातांनी घेतला.

सूर्य डोक्यावरून कलला तेव्हा सगळे परतले. ज्यांना चालवत नव्हतं त्यांना उचलून आणलं होतं. बुवांच्या बायकोची खाट वरच्या आळीच्या चौघांनी आणली. मग भाकर मोडली. पहिला तुकडा सलोमीबाईनं घेतला.

पुढं तिचं काय झालं, याबद्दल आमच्यात एकमत नाही. खालची आळी सांगते, ती त्याच संध्याकाळी शांतपणे गेली. वरची आळी सांगते, ती आणखी चार वर्षं जगली आणि पाटावर बसून तिनं अकरा बाळंतपणं केली. चर्चच्या वहीत तेवढंच पान वाळवीनं खाल्लं आहे. मी वरच्या आळीचा, तेव्हा मी काय मानतो ते तुम्ही ओळखलं असेल.

उपासना पुन्हा एकच झाली. बाकांचा वाद मात्र मिटला नाही, हे मी खरं ते सांगतो. आजही आत गेलात तर डाव्या हाताला बाकं आणि उजव्या हाताला जाजम दिसेल. पंचांच्या बैठकीत वर्षाला एकदा तरी कुणीतरी तो विषय काढतं आणि आवाज चढतात. पण आजही भाकर मोडण्याआधी पाळक ताटावरचा हात काढून विचारतात, पलीकडच्या आळीतलं कोण राहिलं? वरच्यांनी खालच्यांचं सांगायचं, खालच्यांनी वरच्यांचं. नाव निघालं की पलीकडचंच कुणीतरी उठून त्याच्या घरी जातं. यायची सक्ती नाही. पण तो येत नाही, हे त्याच्या तोंडून ऐकून यावं लागतं. तोवर ताट झाकलेलं राहतं.

गेल्या ईस्टरला खालच्या आळीच्या सत्यवान उमापचं नाव निघालं. त्याचं आणि पंचांचं कब्रस्तानाच्या कुंपणावरून वाजलेलं. बोलावायला मीच गेलो, कारण ज्या पंचाशी वाजलं तो मीच होतो. तो ओट्यावर बसला होता. मी खालच्या पायरीवर बसलो. त्यानं रस्त्याकडं तोंड वळवलं. तो म्हणाला, "मी येत नाही. सुरू करा तुम्ही."

मी परत येऊन तसं सांगितलं. उपासना झाली. सत्यवानचा तुकडा फडक्याखाली राहिला.

दिवस मावळायच्या आधी, मी चर्चला कुलूप लावत होतो तेव्हा, तो आला. बाकावर बसला नाही, जाजमावरही नाही. उभ्यानंच तुकडा घेतला, माझ्याकडं न बघता म्हणाला, "कुंपणाचं मी बोललो ते बरोबरच होतं."

"असेल," मी म्हणालो, आणि कुलूप तसंच हातात धरून त्याचं खाऊन होईपर्यंत थांबलो.