मौनाला घातलेला हार

"...आता तरी पटलं ना, बाबा? मग गोळी कशाला?"

भार्गवने बीपीचं मशीन अच्युतबाबांच्या डोळ्यांपुढे धरलं. काचेवर आकडा अजून होता. वर एकशे बावीस, खाली अठ्ठ्याहत्तर.

बाबा पडवीत तुरीच्या शेंगा सोलत होते. त्यांनी आकड्याकडे पाहिलं, मग भार्गवकडे.

"कधी मोजलंस?"

"ध्यानातून उठल्याबरोबर. रोज तेव्हाच मोजतो."

"कोणाचं?"

"कोणाचं म्हणजे? माझंच की!"

"असं होय..." बाबा पुन्हा शेंगांकडे वळले.

भार्गव टिपणीस तालुक्याच्या कॉलेजात तर्कशास्त्र शिकवायचा. निवृत्त झाल्यावर गिरणा नदीकाठच्या या मठात येऊन राहिला. प्राणायाम, ध्यान, निरूपण, सगळ्यात पुढे. येत्या माघातल्या उत्सवात बाबा त्याला निरूपणाच्या आसनावर कायमचं बसवणार, हे आता सगळ्या गावाला माहीत होतं.

आणि नेमकं दिवाळीनंतरच्या आरोग्य शिबिरात त्याचं बीपी वाढलेलं निघालं. डॉक्टर म्हणाले, घाबरू नका. काही दिवस मठातच मोजा, सकाळ-संध्याकाळ. मग गोळीचं ठरवू.

भार्गवला ते फार लागलं. इतकी वर्षं श्वास साधलेल्या माणसाला बीपी? त्याने मनाशी ठरवलं, आकडाच बोलेल. म्हणून आधी तो ध्यानाला बसे आणि मग पट्टा बांधी. आकडा मनासारखा आला नाही की पुन्हा डोळे मिटी. येईपर्यंत मिटी.

"डॉक्टरांनी कसं मोजायला सांगितलं होतं?" बाबांनी विचारलं.

"उठल्यावर, चहाच्या आधी. पाठ टेकून, पाय जमिनीला लावून. थोडा वेळ शांत बसून."

"समाधी लावून म्हणाले?"

"नाही... पण शांत बसा म्हणाले ना!"

"शांत बसणं वेगळं, भार्गवा. पाहुणे यायचेत म्हणून घर आवरणं वेगळं."

भार्गवने मशीनचा पट्टा गुंडाळला.

"उद्या उठलास की तोंड धुऊन सरळ इथे ये. ध्यान नको. चहा नको."

दुसऱ्या दिवशी उजाडताना तो पडवीत आला. बाबांनी त्याला खुर्चीत बसवलं. पाठ टेकवली. हात शेजारच्या मेजावर ठेवला. भार्गवचे डोळे सवयीने मिटले.

"उघड."

"बाबा, मी फक्त..."

"उघड म्हटलं ना! समोर लिंब आहे, त्याच्याकडे बघ. बोलू नकोस."

लिंबावर दोन साळुंक्या कडाकडा भांडत होत्या. भार्गव त्यांच्याकडे बघत राहिला. काही वेळाने बाबांनी मशीनचं बटण दाबलं. पट्टा फुगला, दंड आवळला गेला, मग हळूहळू सैल झाला.

एकशे बहात्तर. खाली एकशे चार.

थोडं थांबून बाबांनी पुन्हा बटण दाबलं. एकशे अडुसष्ट. खाली एकशे दोन.

"मशीन बिघडलंय," भार्गव म्हणाला.

बाबांनी पट्टा सोडवला आणि स्वतःच्या दंडाला बांधला. भार्गवला खुर्चीतून उठवून आपण बसले, पाठ टेकली, लिंबाकडे बघत राहिले. साळुंक्यांचं भांडण मिटेपर्यंत. मग बटण दाबलं.

एकशे अठ्ठावीस.

"माझ्यापुरतं तर बरं दिसतंय. दोन गोळ्यांचा प्रताप."

भार्गव बघतच राहिला. "तुम्ही... गोळ्या घेता?"

"मग काय, मी कंदमुळांवर जगतो असं वाटलं तुला?"

"पण तुमच्यासारख्या ज्ञानी माणसाला..."

"मी कसा का असेना. नस बिचारी अडाणीच असते."

स्वयंपाकघरातून सगुणामावशींचं हसू ऐकू आलं. मठाचा सगळा स्वयंपाक त्यांच्या हातात, आणि त्यांचे कान पडवीत.

बाबा मात्र हसले नाहीत. पट्ट्याची घडी घालत त्यांनी विचारलं,

"या मठात जिवंत माणसाला हार घालत नाहीत. का, ठाऊक आहे?"

"अहंकार वाढतो म्हणून."

"तसं लोक सांगतात. मी सांगू देतो."

...

"आमचे थोरले महाराज," बाबा म्हणाले, "वाणी अशी की नदी थांबून ऐकेल. मी त्यांच्या पायांशी वाढलो. एक वर्ष असं आलं, की बोलता बोलता ते थांबायला लागले. एखादा शब्द यायचा नाही. आम्ही म्हणायचो, महाराज आत गेले. चाल बारीक झाली, पाऊल घासायला लागलं. आम्ही म्हणायचो, देहभान सुटत चाललंय. मग पुढे ते बोलेनासेच झाले. ...आम्ही म्हटलं, समाधी लागली. लांबून लांबून माणसं आली. त्या मौनाला हार घातले. पहिला हार मी घातला."

भार्गवने मान खाली घातली.

"शेवटी ते पडले, तेव्हा दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी डोक्याचा फोटो काढला. बारीक बारीक नसा ठिकठिकाणी बंद पडलेल्या. म्हणाले, हे आजचं नाही. वर्षानुवर्षं बीपी वाढलेलं असणार. कधी मोजलं होतं का?"

बाबा लिंबाकडे बघत राहिले.

"त्यांना दुखलं नाही कधी काही. दुखलं असतं तर आम्ही धावलो असतो..."

मग ते भार्गवकडे वळले,

"आषाढी एकादशीला निरूपणात तू मध्येच थांबलास. लोकांनी हात जोडले. एका बाईच्या डोळ्यांना पाणी आलं. तू डोळे मिटून घेतलेस."

भार्गवच्या कानांच्या पाळ्या तापल्या.

"कुठला शब्द होता?"

भार्गव मेजावरचं मशीन पुसू लागला.

"भार्गवा, कुठला?"

"वरवंटा."

बाबांनी त्याच्याकडे पाहिलं. मग त्यांचे खांदे हलू लागले.

"ब्रह्म नाही, माया नाही... वरवंटा!"

"हसू नका, बाबा." भार्गव म्हणाला. "पाटा म्हणालो आणि पुढे काळोख. मला वाटलं, माझं कुठेतरी पाप आहे. नाम मला सोडून चाललंय. मी आणखी ध्यान करू लागलो, पहाटे आणखी लवकर उठू लागलो. तरी शब्द निसटायचेच. कोणाला सांगणार? तुम्हाला सांगितलं असतं तर आसन..."

मग तो मशीनकडे बोट करून म्हणाला,

"म्हणजे हे... यामुळे असेल?"

"मला काय कळतंय त्यातलं? डॉक्टरांना विचार. पण आजचा आकडा खरा तुझा आहे."

भार्गव पायरीवर बसला. आकडा वाईट होता, हे त्याला कळत होतं. तरी कित्येक महिन्यांनी छातीवरचा धोंडा उतरल्यासारखं झालं. हा शाप नव्हता. याच्यावर औषध होतं.

"मावशी," बाबांनी हाक दिली, "याला चहा द्या. मोजून झालंय."

त्याच दिवशी तो डॉक्टरांकडे गेला. वरवंट्यासकट सगळं सांगितलं. गोळी सुरू झाली, मीठ कमी झालं, शहरात जाऊन डोक्याची तपासणी झाली. आत बंद पडलेल्या नसांचे काही बारीक जुने डाग निघाले. जागच्या जागी, गाजावाजा न करता होऊन गेलेले.

"गेलं ते परत येईलच असं नाही," डॉक्टर म्हणाले. "पण बीपी ताब्यात ठेवलंत, तर बाकीचं राखायला मोठी मदत होईल. वेळेवर आलात."

वेळेवर आलात... परतताना बसमध्ये भार्गव ते दोन शब्द पुन्हा पुन्हा मनात घोळवत होता. त्या रात्री तो लहान मुलासारखा झोपला.

आता तो ध्यानाच्या आधी मोजू लागला, लिंबाकडे बघत. पहिल्या आठवड्यात आकड्याने फारशी दाद दिली नाही. गोळी बदलली. मग आकडा उतरत गेला. येईल तो आकडा तो बाबांना सांगे, चांगला असो की वाईट. बाबा "बरं" म्हणत आणि शेंगा पुढे करत.

माघात उत्सव आला. मांडव माणसांनी भरला. बाबा खांबाला टेकून खाली बसले आणि त्यांनी भार्गवला आसनावर बसवलं.

निरूपण रंगलं. अर्ध्यावर आलं तेव्हा भार्गव म्हणाला,

"संसार म्हणजे पाटा. आपण त्यावरचे दाणे. आणि वरून फिरतो तो..."

शब्द आला नाही.

मांडव शांत झाला. पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्याने हात जोडले. मागे कोणीतरी हळूच म्हणालं, "लागली... लागली समाधी."

भार्गवला डोळे मिटावेसे वाटले. किती सोपं होतं ते! पापण्या खाली येऊ लागल्या. समोर, खांबाशी, बाबा बसले होते. ते बघत होते.

त्याने डोळे उघडे ठेवले.

"हात सोडा, मंडळी. समाधी वगैरे काही नाही. मी शब्द विसरलोय. पाट्यावर काय फिरतं हो?"

लोक एकमेकांकडे बघू लागले. मग स्वयंपाकघराच्या दारातून सगुणामावशींचा खणखणीत आवाज आला,

"वरवंटा! एकदा हाताने चटणी वाटली असतीत, तर जन्मात विसरला नसतात!"

सगळा मांडव हसला. भार्गव तर डोळे पुसेपर्यंत हसला. मग "वरवंटा" म्हणाला आणि पुढे बोलत राहिला.

निरूपण संपल्यावर तो आसनावरून उतरला आणि बाबांच्या पायांवर डोकं ठेवलं.

"बाबा, भर मांडवात विसरलो."

बाबांनी त्याला उठवलं. त्याचा दंड क्षणभर हातात धरून ठेवला, जिथे पट्टा बांधतात तिथे. मग दाराकडे वळून म्हणाले,

"मावशी, एक हार आणा."