एकापासून मोजणी

फार फार पूर्वी, राजे अजून पायी देवदर्शनाला जात असत त्या काळात, एका टेकडीच्या उतारावर एक गाव होते. गावाच्या माथ्यावर देवाचे मंदिर होते आणि गावाला एकच मोठा अभिमान होता : देवाचा लाकडी रथ.

कार्तिकात हा रथ मंदिरातून निघे आणि वेशीपर्यंत उतरे. ओढायला सारे गाव असे. रथ ओढणे सोपे, थांबवणे कठीण. त्यासाठी चाकाखाली मोगरी घालीत. मोगरी म्हणजे बाभळीचा, हातभर लांबीचा, पाचरीसारखा तासलेला जड ठोकळा. रथाबरोबर वाकून धावायचे, नेमक्या क्षणी मोगरी चाकापुढे सारायची आणि खांद्याच्या बळाने दाबून धरायची. क्षण चुकला, तर पुढे माणसे असत.

डाव्या आणि उजव्या चाकाचा मान दोन चुलतभावांच्या घराण्यांकडे होता. उजव्या चाकाचा मानकरी गावातला पहिला पैलवान होता. तो देवभक्त होता, कष्टाळू होता, निर्व्यसनी होता. फक्त ऐकत नसे. एवढा एक दोष बाकीचे सारे गुण खायला पुरेसा असतो.

गावच्या तालमीत एक जुनी रीत होती. पहाटेचा व्यायाम संपला की प्रत्येकाने मारुतीसमोर उभे राहून आपल्या जोरांचा आकडा मोठ्याने सांगायचा. आज सांगितलेला आकडा कालच्याहून कमी असू नये, असा दंडक होता. उजव्या चाकाचा मानकरी रोज शंभर सांगे. ते ऐकून लहान पैलवान आपोआप ताठ उभे राहत.

एका पौषात कुस्ती करताना तो तालमीच्या मातीच्या हौद्यात आडवा पडला आणि त्याचा उजवा खांदा निखळला. हाडालाही चीर गेली.

गावात हाडे बसवणारी एक म्हातारी वैदीण होती. तिचा हात हलका होता आणि जीभ तिखट. तिने खांदा जागी बसवला, लेप लावला, कामट्या बांधल्या आणि हात गळ्यात अडकवला. दीड महिन्याने, फाल्गुनात, तिने कामट्या सोडल्या. खांदा वाळक्या दोडक्यासारखा झाला होता.

"मावशी, आता तालमीत जाऊ ना?" त्याने विचारले.

"जा. झाडायला जा," वैदीण म्हणाली. तिने एक कापडी पिशवी काढली आणि तिच्यात मूठभर वाळू घातली. "ही छातीपर्यंत उचलायची. दहा वेळा. दर आठ दिवसांनी एक मूठ वाढवायची. पंचवीस मुठी उचलशील त्या दिवशी मोगरीला हात लाव. कार्तिकाला तीसहून अधिक आठवडे आहेत. वेळ पुरून उरतो."

पैलवानाने पिशवीकडे पाहिले. "मावशी, माझी धाकटी मुलगी याहून जड बाहुली उचलते."

"मग तिचा खांदा तुझ्याहून बरा आहे. तिला मोगरी दे."

तो पिशवी घेऊन घरी गेला. दोन दिवस त्याने ती दार लावून उचलली. तिसऱ्या दिवशी तो तालमीत गेला, आणि आकडा सांगायची वेळ आली.

येथे त्याची पंचाईत झाली. मारुतीसमोर खोटे बोलण्याचे पाप त्याच्याने होणार नव्हते. सगळ्यांसमोर "शून्य" म्हणण्याची त्याला लाज वाटत होती. खरे बोलवत नाही आणि खोटेही बोलवत नाही, अशा वेळी शहाणा माणूस गप्प बसतो. हा शहाणा नव्हता. आकडा खरा व्हावा म्हणून तो पुन्हा हौद्यात उतरला आणि शंभर जोर काढायला लागला.

एकोणीस झाले. विसाव्याला खांद्यात कट्‌ असा आवाज आला.

वैदिणीने पुन्हा खांदा बसवला. त्या वेळी ती जे बोलली ते सर्व येथे लिहिण्यासारखे नाही. कामट्या बांधून झाल्यावर ती तडक तालमीत गेली.

"वस्ताद," ती दारातूनच म्हणाली, "कमी आकडा ऐकला की तुमच्या मारुतीच्या कानाला दडे बसतात काय?"

वस्ताद वयाने मोठे होते आणि रीतीचे पक्के. ते म्हणाले, "बाई, रीत माझी नाही. माझ्या वस्तादांची आहे."

"त्यांचा खांदा कधी निखळला होता?"

"नाही."

"म्हणूनच रीत अशी आहे," ती म्हणाली आणि निघून गेली. वस्तादांनी रीत बदलली नाही.

वैशाखात कामट्या सुटल्या. वैदिणीने पुन्हा पिशवीत एक मूठ वाळू घातली. "आता कार्तिकापर्यंत सव्वीस आठवडे उरलेत आणि तुला पंचवीस हवेत. चुकायला जागा नाही."

या वेळी त्याने ऐकले, हे सांगायला हवे. तालमीत तो गेला नाही. वैशाख, ज्येष्ठ, आषाढ संपले. श्रावणाच्या तोंडाशी तो बारा मुठी उचलू लागला. खांद्यावर थोडे मांस दिसू लागले. बायको म्हणाली, "अहो, आता घागर तुम्हीच आणा की." तो हसला आणि त्याने घागर आणली नाही. त्या एका दिवसापुरता तो शहाणा होता.

मग गावात तापाची साथ आली. तीन आठवडे तो अंथरुणावर होता. उठला तेव्हा भिंत धरून चालत होता. वैदिणीने पिशवी मागवली, उलटी करून रिकामी केली आणि तिच्यात एक मूठ वाळू घातली.

"मावशी, बारा झाल्या होत्या!"

"ताप खाऊन गेला."

"निदान सहापासून!"

"सहा कोणी दिल्या तुला? शरीर उधारी ठेवत नाही. आज आहे तेवढेच आहे." मग तिचा आवाज थोडा उतरला. "ऐक. यंदाचा रथ तुझा नाही. उजवे चाक दुसऱ्या कोणाला दे. हा खांदा तिसऱ्यांदा गेला, तर मी बसवू शकणार नाही. कोणीच बसवू शकणार नाही."

तो मंदिरात गेला. पुजाऱ्यांनी सारे ऐकून घेतले आणि शांतपणे म्हटले, "देव एक वर्ष थांबेल. मान तुझ्या घरचाच राहील, हा माझा शब्द. यंदा दुसरा पैलवान मोगरी धरील."

याहून अधिक सोपी वाट कोणाला मिळते? देव थांबायला तयार होता, पुजारी थांबायला तयार होते, गावाची हरकत नव्हती. एका माणसालाच घाई होती.

भाद्रपदात त्याने मुकाट्याने पिशवी उचलली. तीन मुठी झाल्यावर त्याला वाटले, खांदा तर दुखत नाही. त्याने घरीच दहा जोर काढून पाहिले. दुखले नाही. वीस काढले. दुखले नाही. दसऱ्याच्या पहाटे तो तालमीत गेला, शंभर जोर काढले आणि मारुतीसमोर उभा राहून गर्जला, "शंभर!" तालीम आनंदाने दुमदुमली. वस्तादांनी त्याची पाठ थोपटली. त्या आकड्याच्या जोरावर त्याने पुजाऱ्यांकडून यंदाची उजवी मोगरी परत मागून घेतली.

खांदा त्या दिवशीही दुखला नाही. हेच त्याचे दुर्दैव.

वैदीण सोने द्यायला त्याच्या घरी आली होती. तिने खांद्यावर बोटे ठेवली, हात फिरवून पाहिला आणि मान हलवली. "दुखणे बोलायचे थांबले म्हणजे निघून गेले असे नाही. शंभर जोर तू पाठीने आणि हट्टाने काढलेस. खांदा नुसता बरोबर आला. रथ तुझ्या हट्टाकडे बघणार नाही."

"मावशी, तुम्हाला माझे बरे झालेले बघवत नाही काय?"

वैदिणीने आपट्याचे पान त्याच्या हातात ठेवले आणि एक शब्दही न बोलता ती गेली. जिभेची तिखट असलेली बाई गप्प झाली, यातच त्याने ओळखायला हवे होते.

रथाच्या सकाळी त्याच्या चुलतभावाने, डाव्या चाकाच्या मानकऱ्याने, त्याला बाजूला घेतले. "दादा, खरे सांग. धरेल ना?"

"शंभर काढले ते ऐकले नाहीस?"

"ऐकले. मी चाकाचे विचारतो आहे."

"तू आपले डावे सांभाळ," तो म्हणाला.

रथ निघाला. पहिल्या वळणावर त्याने मोगरी अचूक सारली. लोकांनी जयघोष केला. दुसऱ्या वळणावरही चाक जागी थांबले. त्याचा चेहरा उजळला. वेशीजवळच्या उतारावर रथाचा सारा भार पुढे आला. दोन्ही मोगऱ्या एकदम पडल्या. क्षणभर दोन्ही चाके थबकली.

मग उजवा खांदा सुटला.

उजवी मोगरी उडून बाजूला पडली. रथ डावीकडे वळला. समोर दोर धरलेल्या बायका होत्या, खांद्यावर मुले घेतलेले बाप होते. डाव्या मानकऱ्याला हात काढून घेता आला असता. त्याने काढला नाही. दोन चाकांचा भार त्याने एका मोगरीवर घेतला, आणि रथ धर्मशाळेच्या ओट्याला टेकून थांबला. समोरचा एकही माणूस दगावला नाही. मात्र त्याचा डावा पंजा मोगरी आणि चाक यांच्यामध्ये राहिला.

देवाची मूर्ती त्या वर्षी हातांवर उचलून मंदिरात परत न्यावी लागली.

वैदिणीकडे दोघांनाही नेले. तिने आधी धाकट्या चुलतभावाचा पंजा पाहिला. तीन बोटे वाचली, दोन गेली. ते बांधून झाल्यावर ती पैलवानाकडे वळली. खांदा चाचपला आणि हात गळ्यात अडकवून दिला. कामट्या बांधल्या नाहीत. त्या दिवसापासून त्याचा उजवा हात छातीच्या वर गेला नाही. देवाला नमस्कार करताना त्याला मस्तक हाताकडे खाली आणावे लागे.

माघात धाकट्याच्या पंजाची पट्टी सुटली. वैदिणीने त्याला तालमीत जाण्याची परवानगी दिली, पण भिंतीला हात टेकवून उभ्यानेच जोर काढायचे, आणि पहिल्या दिवशी एकच. त्याने तो काढला. मग सगळे मारुतीसमोर रांगेने उभे राहिले. एकाने साठ सांगितले, एकाने ऐंशी. धाकट्याची पाळी आली. त्याने तीन बोटांच्या पंजाकडे पाहिले, सर्वांकडे पाहिले, आणि त्याचे ओठ मिटले. मग तो हळूच हौद्याकडे वळला.

ते वळणे पैलवानाने ओळखले. ते त्याचेच होते.

तो रांगेतून पुढे आला. तालमीत तो चार महिन्यांनंतर प्रथमच आला होता. त्याने भिंतीला डावा हात टेकवला, उजवा जेवढा पोहोचला तेवढा टेकवला, आणि कण्हत, अर्धवट वाकून, एक जोर काढला. मग तो मारुतीसमोर उभा राहिला. कोणी हसले नाही.

"एक," तो मोठ्याने म्हणाला.

वस्तादांनी मान खाली घातली. मग ते म्हणाले, "आजपासून दुखापतीतून उठलेला माणूस एकापासून मोजील. त्याचा एक, हा तालमीचा मोठा आकडा मानला जाईल." हे वाक्य त्यांनी एक वर्ष आधी म्हटले असते, तर एका गावाचे दोन खांब उभे राहिले असते.

धाकटा भाऊ हौद्याच्या काठावरून परत फिरला. "एक," तोही म्हणाला.

पुढच्या कार्तिकात धाकट्याने तीन बोटांनी डावी मोगरी धरली. उजवी दुसऱ्याच घरच्या माणसाने धरली. पैलवान त्या वेळी दोर ओढणाऱ्यांत, सर्वांत मागे होता.

बोध : एकापासून मोजायची ज्याला लाज वाटते, त्याचे शंभर कधी भरत नाहीत, आणि त्याच्या लाजेची किंमत शेजारचा चुकवतो.