म्हाळसाआजीचं विरजण

हातातलं काम हातातच असू द्या, कान तेवढे इकडे द्या.

फार वर्षांपूर्वी आंबेवळण गावात म्हाळसा नावाची सून आली. तिची पहिली दोन मुलं पाळण्यातच गेली. तिसऱ्या वेळी तिने वाघजाईपुढे पदर पसरला आणि म्हणाली, "आई, एवढं लेकरू राहू दे. माझ्या दारी वाटी घेऊन येईल तिला मी विरजण देईन. कुणी असो, वेळ कोणतीही असो, नाही म्हणणार नाही." लेकरू राहिलं. त्याच्या पाठीवर आणखी दोन मुलगे झाले, एक मुलगी झाली.

विरजण म्हणजे काय, तर चमचाभर दही. पण दिवेलागण झाली की दही घराबाहेर द्यायचं नाही, लक्ष्मी जाते, हे तुम्हाला ठाऊकच आहे. म्हाळसा देऊ लागली तशी सासू रागावली. म्हाळसा म्हणाली, "जाऊ द्या, आत्याबाई. शेजारीच तर जातेय. सकाळी ताक घेऊन परत येईल." सासूला हसू आलं, असं म्हणतात.

शिंक्यावर तिचं गाडगं असे, ओंजळीएवढं. त्यातल्या दह्यावर गावातल्या चाळीस घरांचं दूध विरजत असे. ऐन वैशाखातही ते कधी आंबलं नाही, असं म्हणतात.

तिची धाकटी जाऊ ठकूबाई. शेताच्या बांधावरून दोन्ही घरांत वैर आलं आणि बोलणं बंद झालं. पण ठकूबाईचं दही नासलं की ती वाटी घेऊन उंबऱ्याबाहेर उभी राही, तोंड दुसरीकडे करून. म्हाळसा वाटी भरून देई. थोरला मुलगा म्हणे, "आई, ती बांध कोरते आणि तू तिला दही देतेस."

"बांधाचं तुम्ही बघा. दह्याचं माझ्याकडे आहे."

तीस वर्षं असंच चाललं. म्हाळसाची आजी झाली, तिने नव्वदी गाठली. जाताना तिने धाकट्या सुनेचा, येसूचा, हात धरला. "वाटी घेऊन आलेलीला नाही म्हणू नकोस. मी देवीला शब्द दिलाय." येसू हो म्हणाली.

पण घरात सुतक आलं. आजीच्या म्हाताऱ्या नणंदेने रीतीप्रमाणे शिजलेलं-विरजलेलं सगळं टाकलं आणि मातीची भांडी फोडली. येसू परसात आली तोवर गाडग्याच्या खापऱ्या झाल्या होत्या.

"रीत आहे, बाई," नणंद म्हणाली.

रीत तर होतीच. आणि सुतकातल्या घराने कुणाकडे विरजण मागायला जायचं नाही, हीही रीतच. दूध रोज वासराला सोडलं जाई. आता दारात कुणी वाटी घेऊन आलं तर काय सांगायचं, एवढंच येसूला लागून राहिलं.

तेराव्याला कुंभाराकडून नवं गाडगं आलं. गोडाच्या जेवणाला गाव आलं. बायकांच्या पुढे ठकूबाई होती, केस पांढरे झालेले, हातात झाकलेली वाटी. येसू म्हणाली, "धाकल्या आत्याबाई, गाडगं रिकामं आहे."

ठकूबाई उंबरा ओलांडून आत आली. "ठाऊक आहे. म्हणून तर आले. घे, तुझ्या सासूचंच आहे. माझ्याकडे ठेवायला होतं."

तीस वर्षांत ती त्या घराशी पहिल्यांदा बोलली.

तिच्यामागून घराघरातली वाटी आली. चाळीस घरांचं दही ओंजळीएवढ्या गाडग्यात मावलं आणि एक थेंब उतू गेला नाही, असं म्हणतात. सगळ्यांत शेवटी हिरव्या लुगड्यातली एक बाई आली. ती कुणालाच ओळखू आली नाही. तिने वाटी रिती केली आणि ती वाघजाईच्या देवळाच्या वाटेने गेली. मी काही पाहिलेलं नाही, पण माझा विश्वास आहे.

आंबेवळणात अजूनही ज्या घरची बाई जाते, त्या घरी तेराव्याला शेजारणी विरजण नेतात. पहिली वाटी जिच्याशी अबोला असेल तिची. ती येईपर्यंत बाकीच्या अंगणात थांबतात, कधी कधी ऊन डोक्यावर येईस्तोवर.

तुमचाही कुणाशी तरी अबोला असेल. तेराव्याची वाट बघू नका, बायांनो. उद्या दही लागलं की वाटीभर घ्या आणि तिच्या उंबऱ्यावर जा. काही बोलायला सुचलं नाही, तरी चालेल.